सासऱ्यांचा लकवा घरानं ओळखला, सासूबाईंचा का नाही?

वाचकाचं पत्र:

"डॉक्टर, आम्ही पाटण तालुक्यातले. चार वर्षांपूर्वी जेवता जेवता माझ्या सासऱ्यांचं तोंड वाकडं झालं आणि हातातला घास ताटात पडला. दिरांनी त्याच पावली गाडी काढून कराडला नेलं. तिथं रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन मिळालं. पुढं सहा महिने फिजिओथेरपी केली. आज ते शेतावर जाऊन येतात. यंदा महाशिवरात्रीला सासूबाईंचं (वय ७१) मात्र वेगळंच झालं. सकाळी त्या गोंधळल्यासारख्या वाटत होत्या, चहात दोनदा साखर घातली, डावा हात जड झालाय म्हणाल्या. उपवास होता, आदल्या दिवशी कामही खूप झालं होतं, म्हणून मीच त्यांना जरा पडा म्हटलं. दुपारी जवळच्या डॉक्टरांनी अशक्तपणा आणि पित्त सांगून गोळ्या दिल्या. संध्याकाळी पाहिलं तर डावी बाजू पूर्ण गेली होती. मोठ्या दवाखान्यात म्हणाले, इंजेक्शनची वेळ टळून गेली. हृदयाचे ठोके अनियमित आहेत हेही तिथंच पहिल्यांदा कळलं. घरी आणल्यावर तीन आठवडे फिजिओथेरपी झाली, मग 'या वयात आता कुठं चालायचंय' म्हणून बंद केली. मिश्री मात्र अजून मागतात. बोलतात फार कमी.

घरात सगळे म्हणतात, लकवा हा पुरुषांचा आजार, बायकांना क्वचित होतो. खरं आहे का? मी ४८ वर्षांची. दुसऱ्या बाळंतपणात माझं बीपी खूप वाढलं होतं. मुलगी २४ वर्षांची आहे, तिला अर्धशिशी आहे. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढं चमकणाऱ्या वेड्यावाकड्या रेषा येतात. गौरी-गणपतीत अडचण नको म्हणून ती दरवर्षी पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेते. डिसेंबरात तिचं लग्न आहे. आम्ही दोघींनी काय काळजी घ्यावी? आणि सासूबाईंचं माझ्यामुळं असं झालं का, हे मनातून जात नाही."
— एक सून, पाटण

प्रिय ताई,

तुम्ही शेवटी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी आधी देते. नाही, तुमच्यामुळं झालं नाही. सासूबाईंना स्ट्रोक (म्हणजे तुम्ही म्हणता तो लकवा) झाला तो हृदयातून निघालेल्या गाठीमुळं, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. तो ओळखायला उशीर झाला हे खरं, पण दुपारी त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांच्याही तो लक्षात आला नाही. आणि हे फक्त पाटणला घडतं असं नाही. अमेरिकेत २०१४ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्ट्रोक होऊन दाखल झालेल्यांपैकी किती जण आधीच्या महिनाभरात डोकेदुखी किंवा चक्कर म्हणून इमर्जन्सी विभागात येऊन परत घरी पाठवले गेले होते, हे त्यात तपासलं. असं निदान हुकण्याची शक्यता बायकांच्या बाबतीत पुरुषांपेक्षा सुमारे ३३ टक्क्यांनी जास्त निघाली. जिथं दाराशी सीटी स्कॅन आहे, विशेषज्ञ आहेत, तिथली ही गोष्ट. तुम्ही तर एक दमलेली, उपाशी सासू पाहिली आणि तिला विसावा दिलात.

'लकवा पुरुषांचा आजार' या समजुतीत थोडं तथ्य आहे, म्हणूनच ती इतकी टिकून आहे. पन्नाशी-साठीत पाहिलं तर पुरुषांना स्ट्रोक जास्त होतो. तंबाखू, दारू, उपचार न केलेलं बीपी, सगळं त्यांच्यात त्या वयात जास्त दिसतं. पण पुढं वय वाढतं तसं हे अंतर कमी होत जातं आणि ऐंशीनंतर बायका पुरुषांच्या बरोबरीला येतात, काही ठिकाणी पुढंही जातात. बायका जगतातही जास्त. त्यामुळं संपूर्ण आयुष्याचा हिशेब केला तर चित्र पालटतं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम या गावात पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या अभ्यासात असं दिसलं की ५५ ते ७५ या वयाच्या माणसांमध्ये उरलेल्या आयुष्यात स्ट्रोक होण्याची शक्यता बायकांत साधारण पाचातल्या एकीला, तर पुरुषांत सहातल्या एकाला असते. म्हणजे घरातल्या पुरुषाला तो आधी होतो, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतो, आणि लक्षात राहतो. बाईला होतो तो बहुतेक वेळा उशिरा. तोवर तिच्या प्रत्येक तक्रारीला 'वय झालं' हे उत्तर ठरून गेलेलं असतं.

आता त्या सकाळचं बोलू. स्ट्रोकची मुख्य लक्षणं बाईत आणि पुरुषात वेगळी नसतात, हे आधी पक्कं करून ठेवा, कारण हल्ली याबद्दल उलटसुलट फिरत असतं. चेहऱ्याची एक बाजू ओघळणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं किंवा समजेनासं होणं ही दोघांतही सगळ्यात जास्त आढळणारी लक्षणं. फरक इतकाच की बायकांमध्ये यांच्या जोडीनं गोंधळलेपण, एकाएकी आलेला विलक्षण थकवा, सगळं अंग गळून जाणं अशा तक्रारी अधिक वेळा असतात, आणि आपण नेमक्या त्याच ऐकतो. तुमच्या सासूबाईंनी खरं लक्षण स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं: डावा हात जड झालाय. ते उपवासाच्या, दगदगीच्या आणि पित्ताच्या ढिगाखाली गेलं. दुपारच्या डॉक्टरांनी दोन्ही हात समोर धरायला सांगितले असते तर बहुधा डावा हात खाली आलेला दिसला असता.

थकवा हळूहळू येतो आणि दोन्ही बाजूंना सारखा असतो. पित्तानं एकच हात जड होत नाही. उपाशी राहिल्यानं माणूस चिडचिडा होतो, त्याला गरगरतं, पण रोजचा चहा करणं त्याला जमेनासं होत नाही. जे अचानक आलं, एकाच बाजूला आलं, किंवा ज्यानं बोलण्यात, समजण्यात, दिसण्यात, तोल सांभाळण्यात एकदम फरक पडला, ते स्ट्रोक समजूनच धावायचं. घरच्या कुणालाही अर्ध्या मिनिटात तपासता येतं. दात दाखवून हसायला सांगा, डोळे मिटून दोन्ही हात खांद्याच्या उंचीवर धरायला सांगा, एखादं साधं वाक्य म्हणायला लावा. तिन्हींतलं एकही बिघडलेलं दिसलं तर १०८ ला फोन करा किंवा गाडी काढा. तिन्ही ठीक आहेत, पण तोल एकदम गेला किंवा एका डोळ्यानं दिसेना झालं, तरीही जायचंच. आणि पाच-दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरी घरी थांबायचं नाही. तो येऊ घातलेल्या मोठ्या स्ट्रोकचा इशारा असू शकतो आणि पुढचे एक-दोन दिवस सगळ्यात धोक्याचे असतात.

घाई कशासाठी, तेही सांगते. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. तुमच्या सासऱ्यांना मिळालं ते इंजेक्शन सहसा लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्यातही जितकं लवकर तितका उपयोग जास्त. मोठी वाहिनी बंद असेल तर मांडीतून नळी घालून गाठ बाहेर काढण्याचा उपाय २०१५ पासून जगभर रूढ झाला. निवडक रुग्णांत तो २४ तासांपर्यंतही करता येतो. म्हणून उशीर झालाय असं वाटलं तरी जायचं, सकाळी उठल्यावर लक्षणं दिसली तरी जायचं. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील तो असा: या शेवटच्या कधी अगदी ठीक होत्या? ती वेळ घड्याळ बघून कागदावर लिहा. घरातल्या बाईच्या बाबतीत हा प्रश्न फार अवघड जातो, कारण ती पहाटे सगळ्यांच्या आधी उठलेली असते आणि तेव्हा तिच्याकडं कुणी पाहिलेलं नसतं.

दवाखान्यात पोचेपर्यंत तोंडातून काहीही देऊ नका. चहा नको, पाणी नको, नारळपाणी नको. गिळण्याचे स्नायू लुळे पडले असतील तर ते फुप्फुसात जातं. ॲस्पिरिन देऊ नका, कारण स्ट्रोक गाठीचा आहे की रक्तस्रावाचा हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, आणि रक्तस्रावात ॲस्पिरिननं घात होतो. बीपी वाढलेलं दिसलं म्हणून जिभेखाली गोळी ठेवू नका; ते एकदम उतरलं तर मेंदूला मिळणारं उरलंसुरलं रक्तही तुटतं. मधुमेह असेल आणि घरी ग्लुकोमीटर असेल तर साखर तेवढी मोजा, कारण ती फार उतरली तरी असंच दिसतं. तेल चोळणं, कांदा हुंगवणं, लकव्याचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडं जाणं, कबुतराचं रक्त लावणं यांत जे तास जातात ते परत मिळत नाहीत. आणि गाडी न्यायची ती चोवीस तास सीटी स्कॅन चालू असलेल्या रुग्णालयात. तुमच्या भागात असं जवळचं ठिकाण कोणतं, ते आजच विचारून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये नंबर घाला.

ते इंजेक्शन आणि गाठ काढण्याचा तो उपाय बायकांना कमी लागू पडतात असं अजिबात नाही. वेळेत मिळाले तर त्यांनाही पुरुषांइतकाच फायदा होतो. पण मिळतात कमी. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून २००९ साली पाहिलं, तेव्हा गाठ विरघळवणारं इंजेक्शन मिळण्याची शक्यता बायकांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळली. नंतरच्या दशकात ही दरी बरीच कमी झाली, पण मिटलेली नाही. वयस्कर बाई अनेकदा विधवा असते, घरी एकटी असते, सोबत फोन करणारं कुणी नसतं. शिवाय 'माझ्यामुळं कुणाला त्रास नको' ही सवय तिला आयुष्यभर लागलेली असते. हे दुसरं कारण मला ओपीडीत रोज दिसतं आणि रोज वाईट वाटतं.

सासूबाईंच्या हृदयाबद्दल. ठोके अनियमित होणाऱ्या त्या आजाराला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, आणि वाहतं पाणी डबक्यात साचावं तसं रक्त तिथं साचून गाठ धरतं. ती गाठ सुटून मेंदूकडं गेली की मोठी वाहिनी बंद पडते. म्हणून हे स्ट्रोक आकारानं मोठे असतात, माणसाला अंथरुणाला खिळवणारे असतात. या आजारानं स्ट्रोकचा धोका सुमारे पाचपट होतो, आणि उतारवयातल्या बायकांत तो पुरुषांपेक्षा अधिक असल्याचं दिसलं आहे. ठोके अनियमित आहेत हे मनगटाची नाडी मिनिटभर धरली तरी बऱ्याचदा कळतं, ईसीजीत पक्कं होतं. तुमच्या घरात पासष्टीच्या वर जे कुणी असेल त्याची नाडी प्रत्येक वेळी डॉक्टरांकडून पाहून घ्या. आपल्याकडं आणखी एक गोष्ट आहे. लहानपणी सांधेतापानं हृदयाची झडप खराब झालेल्या बायका अजूनही खूप आहेत, आणि त्यांना तिशी-चाळिशीतही असा स्ट्रोक होतो. सासूबाईंचा टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला नसेल तर करून घ्या, कारण झडप अरुंद असेल तर रक्त पातळ ठेवायचं औषध वेगळं निवडावं लागतं.

ते रक्त पातळ ठेवायचं औषध त्यांना चालू आहे का, हे तुमच्या पत्रात नाही. मला त्याचीच जास्त काळजी वाटते. नुसती ॲस्पिरिनची गोळी या आजारात पुरत नाही. योग्य औषधानं पुन्हा स्ट्रोक येण्याचा धोका जवळजवळ दोन तृतीयांशानं कमी होतो. ते उपवासाला चुकवायचं नाही, दात काढायचाय म्हणून स्वतःहून बंद करायचं नाही, गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली गोळी त्याच्यासोबत घ्यायची नाही. वॉरफरिन असेल तर ठरल्या वेळी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी तपासणी, चुकवू नका. मिश्रीबद्दलही तितकंच स्पष्ट सांगते. ती भाजलेली तंबाखूच आहे, बाई हिरड्यांना लावते म्हणून ती दंतमंजन होत नाही. तिच्यातलं निकोटिन नाडी आणि बीपी दोन्ही वाढवतं. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाला डॉक्टर विचारतात, मिश्री लावणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही. एकदम तोडलीत तर त्या दोन-तीन आठवडे अस्वस्थ होतील. प्रेमानं कमी करत बंद करा, आणि डॉक्टरांना तिच्याबद्दल सांगा.

तुमच्या मुलीबद्दल मी जरा सविस्तर लिहिते, कारण इथं अजून सगळं आपल्या हातात आहे.

डोकेदुखीच्या आधी चमकत्या रेषा दिसणं याला ऑरासहित मायग्रेन म्हणतात. साध्या अर्धशिशीपेक्षा हा प्रकार वेगळा धरायचा, कारण यात स्ट्रोकचा धोका साधारण दुप्पट होतो. चोविसाव्या वर्षी मुळातला धोका अगदी लहान असतो, त्यामुळं दुप्पट झाला तरी तो लहानच राहतो. घाबरून जायचं कारण नाही. पण त्याच्यावर इस्ट्रोजेन हे हॉर्मोन असलेल्या गोळ्या आल्या की हिशेब बदलतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमावलीत ऑरासहित मायग्रेन असलेल्या स्त्रीला, वय काहीही असो, इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या देऊ नयेत असं स्पष्ट आहे. लग्नानंतर पहिली काही वर्षं मूल नको म्हणून ती मेडिकलमधून पाकीट आणेल, किंवा मैत्रीण तिला सुचवेल. तिला आत्ताच सांगून ठेवा की तिच्यासाठी तांबी, फक्त प्रोजेस्टेरॉनचे उपाय, निरोध असे दुसरे पर्याय आहेत आणि ते स्त्रीरोगतज्ज्ञांकडं बसून ठरवायचे आहेत.

पाळी पुढं ढकलायच्या गोळीत बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉन असतं. ते प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं, म्हणून निर्धोक असं समजलं जातं. पण पाळी ढकलायला ५ मिलिग्रॅमच्या दोन-तीन गोळ्या दिवसाला घ्याव्या लागतात, आणि या मोठ्या मात्रेत त्याचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. मग गौरी-गणपतीचे ते दिवस आठवून पाहा. हरतालिकेचा निर्जळी उपवास, रात्रीची जागरणं, उकाड्यात तासन्‌तास स्वयंपाक, पाणी प्यायला सवड नाही. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्त दाट होतं, आणि गोळीमुळं ते गोठायला आधीच तयार असतं. यातून मेंदूतलं अशुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या शिरांमध्ये गाठ होऊ शकते. हाही स्ट्रोकच, पण तरुण बायकांचा. या आजाराच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत चारातले तीन रुग्ण स्त्रिया होत्या. निरोगी मुलीनं एखाद्या वेळी या गोळ्या घेतल्या तर असं होण्याची शक्यता फार कमी. पण तुमच्या मुलीला ऑरा आहे, ती दरवर्षी घेते, आणि मला वाटतं कोणत्याही डॉक्टरांना न विचारता घेते. यंदा घेऊ देऊ नका. लग्नाची तारीख पाळीच्या जवळ येत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना ऑगस्टातच भेटा, डोळ्यांपुढच्या रेषांचं आवर्जून सांगा, आणि काय करायचं ते त्यांना ठरवू द्या. राहता राहिला सोवळ्याचा प्रश्न. घरातल्या मोठ्या बाईनं, म्हणजे आता तुम्हीच, 'या वर्षी जे होईल ते होईल, गौरीला काही अडत नाही' असं एकदा म्हटलंत तर त्या मुलीच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरेल. माझी तुम्हाला तशी मनापासून विनंती आहे.

शिरेतल्या गाठीचं दुखणं साधं नसतं. डोकं दिवसेंदिवस वाढत्या प्रमाणात दुखतं, आडवं झालं की जास्त दुखतं, उलट्या होतात, धूसर दिसतं, कधी एकदम फिट येते. मायग्रेन असलेल्या मुलीचं 'नेहमीचंच डोकं' म्हणून ते सोडून दिलं जातं. नेहमीपेक्षा वेगळं दुखलं तर वेगळंच समजा. साधा सीटी स्कॅन यात कधीकधी स्वच्छ येतो, शिरांचा एमआरआय करावा लागतो. वेळेत ओळखलं तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

हाच आजार बाळंतिणींना होतो, आणि आपल्या देशात तो पूर्वीपासून जास्त दिसत आला आहे. बाळंतपणानंतर रक्त गोठण्याची प्रवृत्ती निसर्गतःच वाढलेली असते, त्यात आपल्याकडं 'पोट सुटेल, बाळाला सर्दी होईल' म्हणून बाळंतिणीचं पाणी तोडतात. तुमची मुलगी पुढंमागं माहेरी बाळंतपणाला येईल तेव्हा डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, अळीवाची खीर, सगळं हौसेनं करा. पाणी मात्र तिला तहान लागेल तेवढं द्या. आणि बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत डोकेदुखी, फिट, हातापायातला अशक्तपणा यांतलं काही आलं तर ती बाहेरची बाधा नाही, तो दवाखान्याचा विषय आहे.

आता तुम्ही. गरोदरपणात वाढलेलं बीपी बाळंतपणानंतर उतरलं की सगळे ते विसरतात, डॉक्टरांच्या फायलीतही ते राहत नाही. पण ज्या बाईला प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढून इतर अवयवांवरही ताण येणारा आजार) झाला होता तिला पुढच्या आयुष्यात स्ट्रोकचा धोका इतरांच्या जवळजवळ दुप्पट असतो. तुमचं तेव्हाचं दुखणं प्रीएक्लॅम्प्सियाच होतं का, हे जुने कागद असतील तर त्यावरून कळेल. नसतील तर तसं होतं असंच धरून चाला. अठ्ठेचाळीस हे वय पाळी जाण्याच्या आसपासचं. या काळात बायकांचं बीपी, साखर, कोलेस्टेरॉल हळूहळू चढू लागतं, आणि मधुमेह झाला तर स्ट्रोकचा धोका पुरुषांपेक्षा बाईत अधिक प्रमाणात वाढतो. म्हणून वर्षातून एकदा नव्हे, दर तीन महिन्यांनी बीपी मोजा. दवाखान्यात ते १४०/९० किंवा त्याच्या वर वारंवार येत असेल तर गोळी चालू करायला काचकूच करू नका. बायकांना मी काही हातचं राखून न ठेवता हे सांगते, कारण नवऱ्याची बीपीची गोळी कधी संपते हे त्यांना तोंडपाठ असतं आणि स्वतःचं बीपी किती आहे ते माहीत नसतं. पाळी जाताना फार त्रास झाला तर हॉर्मोनच्या गोळ्या स्वतःहून किंवा शेजारणीच्या सांगण्यावरून सुरू करू नका. २००२ आणि २००४ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचण्यांत या गोळ्यांनी स्ट्रोक वाढल्याचं दिसलं. काही बायकांना त्या देता येतात, पण तुमच्या बीपीच्या इतिहासासह तज्ज्ञांनीच ते ठरवायला हवं.

आणि कुणी किरकोळ कारणासाठी पिशवी काढायला सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या कितीतरी तरुण बायकांची गर्भाशयं काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं होतं. पिशवीबरोबर बीजकोशही गेले तर पाळी एका दिवसात बंद होते, आणि पंचेचाळिशीच्या आत पाळी गेलेल्या बायकांत स्ट्रोकचा धोका वाढलेला दिसतो. त्या बायकांना हे त्या वेळी कुणी सांगितलं असेल, असं मला वाटत नाही.

शेवटी पुन्हा सासूबाई, कारण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त लागलेलं वाक्य त्यांच्याबद्दलचं आहे. सासऱ्यांना सहा महिने फिजिओथेरपी आणि त्यांना तीन आठवडे. स्ट्रोकनंतर बायकांचं अपंगत्व जास्त राहतं, असं जगभरचे अभ्यास सांगतात. त्यातलं काही वयामुळं, काही स्ट्रोक मोठा असल्यामुळं. पण काही आपण घरात ठरवतो. त्यांना शेतावर जायचं नाही हे मान्य. पण स्वतः उठून संडासला जाणं, स्वतःच्या हातानं जेवणं, पदर सावरणं हे त्यांना हवं असणार, आणि त्यासाठी व्यायामच लागतो. सगळ्यात जास्त सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते; महाशिवरात्रीपासून मोजलंत तर तो काळ अजून पूर्ण सरलेला नाही. त्यानंतरही हळूहळू सुधारणा होत राहते. फिजिओथेरपिस्टना याच आठवड्यात परत बोलवा. रोज येणं परवडत नसेल तर आठवड्यातून दोनदा यावं आणि मधल्या दिवसांचे व्यायाम घरातल्या दोघांना शिकवून जावं. त्यातले एक सासरे असावेत. या दुखण्यातून ते स्वतः बरे झालेत, त्यांच्या शब्दाला सासूबाईंच्या लेखी जे वजन आहे ते तुमच्या किंवा माझ्या शब्दाला नाही. त्यांना उठवताना डावा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो आणि मग वेदनेमुळं त्या व्यायामच नाकारतील.

त्या फार कमी बोलतात, याची दोन कारणं असू शकतात. वाचेवर परिणाम झाला असेल तर स्पीच थेरपिस्ट लागतील. पण डावी बाजू गेली असताना वाचा सहसा शाबूत राहते, त्यामुळं मला नैराश्याची शंका जास्त येते. स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला ते होतं, बायकांना अधिक. जेवणावरून वासना उडाली आहे का, रात्री जाग्या असतात का, 'मला देवानं न्यावं' असं म्हणतात का, हे पाहा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा. यावर औषधं आहेत आणि ती लागू पडतात. नैराश्य उतरलं की व्यायामालाही माणूस उभं राहतं. घरात मोठे निर्णय होतात तेव्हा त्यांची खुर्ची मध्ये आणून ठेवा. नातीच्या लग्नाची यादी चालू असेलच, त्यांना विचारून करा.

पुढच्या भेटीला जाताना तुमच्या बाळंतपणाचे जुने कागद पिशवीत घाला, मुलीलाही सोबत न्या, आणि तुमचं बीपी तिथंच मोजून घ्या.